धूमकेतूचा गॅस आणि दारावरचं मोहोळ

कार्यवाह साहेब बाहेरून लोखंडी दारावर मुठी आपटत होते आणि मी आतून कडीला लोंबकळत होते. दाराच्या बरोबर डोक्यावर, बाहेरच्या अंगाला, आग्या मोहोळ लटकलं होतं. दोन सुपं शेजारी शेजारी टांगावीत एवढं मोठं. दार बाहेरच्या बाजूला उघडायचं. उघडलं असतं तर त्याची वरची कड थेट मोहोळात घुसली असती.

"बाई, दार उघडा," साहेब ओरडले.

"ठोकू नका साहेब. वर मोहोळ आहे."

"मागच्या खेपेला वर ढग होते. त्याच्या आधी वर दव पडत होतं. मी आलो की तुमच्याकडे वर काहीतरी असतंच."

"या खेपेला खरंच आहे. मान वर करून बघा."

"मी मान वर करणार नाही. तुम्ही दार उघडायचं."

माझ्या मागे, गोधडीच्या आतून, शुभांगी मॅडमचा आवाज आला, "मावशी, उघडू नका. धुळीचा राहिलाय."

हे सगळं हरसूलच्या अलीकडे एका टेकडीवर घडलं. नाशिकच्या एका शिक्षणसंस्थेची तिथे छोटी वेधशाळा होती. पत्र्याचा घुमट, आत दुर्बीण, जरा लांब दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. शुभांगी मॅडम कॉलेजात शिकवायच्या आणि धूमकेतू दिसायचा असला की टेकडीवर मुक्कामाला यायच्या. मी मदतनीस. मदतनीस म्हणजे झाडायचं, रांधायचं आणि घुमटाची झडप साखळी ओढून उघडायची. माझं शिक्षण चौथी. साखळी ओढायला तेवढं पुरतं.

तिथे काय चालायचं ते आधी सांगते, नाहीतर मॅडम दार का उघडू देत नव्हत्या ते कळायचं नाही.

धूमकेतूला लोक शेपटीचा तारा म्हणतात. तो तारा नाही. तो मळका बर्फ आहे. गोळेवाल्याच्या हातून बर्फाचा गोळा मातीत पडावा आणि त्याने तो उचलून तसाच परत ठेवावा, असा. सूर्याजवळ आला की त्या बर्फाचं पाणी होत नाही, थेट वाफ होते. कपाटात डांबराची गोळी ठेवली की काही दिवसांनी जागेवर काही उरत नाही आणि ओलही नसते, तसंच. ती वाफ निघते ती धूळ घेऊन निघते. म्हणजे गोळ्याभोवती गॅस आणि धूळ दोन्ही. गॅस किती निघतोय यावरून गोळा धड आहे की संपत आलाय ते कळतं. डॉक्टर नाडी बघतात, मॅडम गॅस बघायच्या.

तो मोजायचा कसा, हे मला कळायला दोन धूमकेतू गेले. धुळीवर नुसतं ऊन पडलेलं असतं, म्हणून तिचा रंग उन्हाचा. गॅस मात्र आपल्या ठरावीक रंगांत उजळतो, त्यातला एक हिरवट. दुर्बिणीच्या मागे काचांचं एक चाक असतं. त्यातली एक काच फक्त तो हिरवट उजेड आत सोडते. पण त्याच्याबरोबर धुळीवरचं थोडं ऊनही आत येतंच. म्हणजे पातेल्यासकट पीठ तोललं. मग दुसरी काच लावायची, जिच्यातून गॅसचा उजेड येत नाही, नुसत्या धुळीचा येतो. हे रिकामं पातेलं तोललं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की पीठ किती ते समजतं. दुसरा फोटो नसला तर पहिला भिंतीवर लावायच्या कामाचा. आमच्यात पहिल्याला 'गॅसचा' आणि दुसऱ्याला 'धुळीचा' म्हणायचे. त्या संध्याकाळी गॅसचा झाला होता, धुळीचा राहिला होता.

दुर्बिणीच्या नळीत तळाशी मोठा आरसा असतो. आमच्या घुमटात तो आरसा म्हणजे सासू. सगळं तिच्या कलाने. तिला धूळ चालत नाही, दव चालत नाही आणि धूर तर अजिबात चालत नाही. मॅडमनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, दुपारनंतर फोडणी नाही. तेलाची वाफ वर जाते आणि आरशावर बसते म्हणे. स्वयंपाकघर घुमटापासून चांगलं लांब, तरी नाही.

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही एवढ्या लांबचा गॅस बघता तो बघा. माझ्या मोहरीकडे कशाला बघता?"

"मावशी, तुमची मोहरी जवळ आहे."

त्यामुळे धूमकेतू असला की आम्ही संध्याकाळी उकडलेलं वरण खायचो. रखवालदार हिरामण विडी ओढायला टेकडी उतरून ओढ्यापर्यंत जायचा. उदबत्ती लावायची बंदी होती. एका पाहुण्या बाई दुर्बिणीला ओवाळायला निरांजन घेऊन आल्या, तर मॅडमनी ते फाटकातच फुंकून विझवलं. त्या बाई रुसून गेल्या.

पाहुणे तर काय काय यायचे. आमच्याकडे गॅस मोजतात असं हरसूलच्या बाजारात कळल्यावर एक बाई शेगडीची नळी दाखवायला घेऊन आली होती. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ धूमकेतू बघायला आले आणि दुर्बिणीखाली उताणे पडून नटबोल्ट बघत राहिले. तोवर धूमकेतू डोंगराआड गेला. उठून कपडे झटकत म्हणाले, "काम चांगलं आहे. ग्रीस जास्त आहे." आणि गेले. आणखी एकाने मला विचारलं, धूमकेतू दिसला की राजा मरतो म्हणतात, आता राजा नाही तर कोण? आमच्या घरी बुद्धवंदना होते, शकुन-अपशकुन होत नाहीत. मी म्हटलं, तुमच्या वॉर्डात चौकशी करा.

तर मोहोळ. पावसाळाभर वेधशाळा बंद असते. पाऊस सरल्यावर आम्ही घुमट उघडला. घुमट गोल फिरतो, खालची भिंत फिरत नाही. घुमटाची कड छत्रीसारखी भिंतीच्या बाहेर आलेली असते. त्या कडेला दरीच्या अंगाने मोहोळ बसलं होतं. तिकडे जायला वाट नाही, म्हणून आम्हाला दिसलं नाही. हिरामणला दिसलं होतं.

मॅडमनी त्याला विचारलं, "हिरामण, आम्हाला सांगायचं नाही का?"

"सांगितलं अस्तं तर तुमी लगेच काढाय लावलं अस्तं. मध कच्चा हाय अजून."

हिरामण डोंगरातलाच. घरी भाताची शेती. मधाच्या बाबतीत त्याला संस्थेचं ऐकायची सवय नव्हती.

पहिल्या संध्याकाळी झडप पश्चिमेला घेतली, कारण धूमकेतू मावळतीला होता. घुमट फिरला आणि त्याच्याबरोबर मोहोळही फिरत फिरत येऊन बरोबर दाराच्या वर थांबलं. घुमटाला दार एकच, तेही पूर्वेला. झडप धूमकेतूकडे, तर मोहोळ दाराकडे. धूमकेतू बघायचा तर आम्ही आत कोंडलेले. बाहेर पडायचं तर घुमट फिरवायचा आणि धूमकेतू सोडायचा.

हिरामण म्हणाला, "मी धूर करून पाडतो. लय वेळ नाय लागत."

"धूर नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग कसं काढू? हात जोडून?"

"काढूच नका. हे थोडे दिवस जाऊ देत, मग मध तुमचा."

हिरामणला ते पटलं, कारण मध तोवर पिकणार होता. "काय नाय होत आक्का," तो मला म्हणाला. "दिवस बुडाला का मव्हं निजतं. फकस्त हादरा द्यायचा नाय."

मग आमची रीत ठरली. उजेड असतानाच आत जायचं. आतून हळूहळू घुमट फिरवायचा. काम झालं की परत फिरवून मोहोळ दरीकडे पोचवायचं आणि मग दार उघडायचं. त्या दिवसांत मी आणि मॅडम घुमटात मांजरीसारख्या चालायचो. खोकला आला की मी पदराचा बोळा तोंडात घालायची. लॅपटॉपचा उजेड बाहेर जाऊ नये म्हणून मॅडम माझी गोधडी डोक्यावरून घेऊन, लॅपटॉपसकट आत बसायच्या. ती पद्धत जुनीच. उजेडाने फोटो बिघडतात. आता मोहोळासाठीही ती बरी पडली, कारण या माश्या दिव्यावर झेपावतात.

एवढा जीव टांगून तो धूमकेतू कशाला बघायचा, तर दोन कारणं होती. संस्थेला वेधशाळा बंद करायची होती. टेकडीची जागा कुणाला तरी रिसॉर्टसाठी हवी होती आणि पुढच्या सभेत विषय निघणार होता. मॅडमकडे दाखवायला बरीच वर्षं काही नव्हतं. आणि आता होतं. तो धूमकेतू सूर्याच्या इतका जवळ चालला होता की दिवस बुडाल्यावर थोडाच वेळ, अगदी डोंगराला टेकलेला दिसायचा. जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणी इतक्या खाली वाकत नाहीत. आमची लहान, ती वाकते. परदेशातल्या ज्या लोकांबरोबर मॅडमचं काम चालायचं त्यांनी कळवलं, शेवटच्या संध्याकाळी आम्हाला दिसणार नाही, तुम्ही बघा.

दुसरं कारण असं की गॅस रोज कमी होत होता. सूर्याजवळ जाताना तो वाढायला हवा. चूल मोठी केली आणि वाफ कमी झाली, तर पातेल्यातलं पाणी संपलं असं समजायचं. मॅडमना खात्री करायची होती. रोज आदल्या दिवशीपेक्षा कमी निघायचा आणि मॅडमचं जेवणही त्याच्याबरोबर कमी व्हायचं. ही शेवटची संध्याकाळ. उद्यापासून तो सूर्याच्या झगमगाटात बुडणार. आज दोन्ही फोटो मिळाले तर काही सांगता येणार होतं, नाहीतर मागचं सगळं अर्धवट.

आणि त्याच संध्याकाळी साहेब आले. सभेच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणून, न सांगता. वेधशाळेला कुलूप दिसेल अशी त्यांची आशा असावी. हिरामण विडीसाठी ओढ्यावर गेलेला. ड्रायव्हरला फाटकाशी गाडीत बसवून साहेब एकटेच वर आले. अंगाला इतकं अत्तर की मला दाराच्या फटीतून वास आला. आग्या माशीला हादरा आवडत नाही आणि उग्र वासही आवडत नाही. साहेबांनी दोन्ही आणलं होतं.

तर मी कडी धरून होते. साहेब आता दार ओढायला लागले. त्यांनी बाहेरून ओढायचं, मी आतून, आणि दार खडखड वाजत होतं.

"आत काय चाललंय ते मला कळतं," साहेब म्हणाले. "काही चाललेलं नाही."

"साहेब, पाया पडते, दार हलवू नका."

"पाया नंतर पडा."

आणि मग ठोकणं थांबलं. वर आवाज सुरू झाला. मोहोळ उठतं तेव्हा आधी त्याच्यावरून सळसळ फिरते, शेतात वारा शिरावा तशी. मग आवाज जाड होतो. साहेब अगदी हळू "आई गं" म्हणाले. मग जोरात म्हणाले.

आता कडी सोडणं भाग होतं. बाहेर माणूस ठेवून आत फोटो काढायचा, एवढी विज्ञाननिष्ठा माझ्यात नाही. मी कडी काढली आणि दार धाडकन उघडलं. व्हायचं तेच झालं. दाराच्या कडेने मोहोळाचा लचका काढला आणि मध, मेण आणि माश्या असं सगळं उंबऱ्यावर पडलं. मी साहेबांची कॉलर धरून त्यांना आत ओढलं आणि दार लावलं. त्यांच्याबरोबर माश्या आल्या, आणखी झडपेतून वरून आल्या. साहेब हात झाडत गोल फिरत होते आणि दर फेरीला दुर्बिणीला धक्का लागायचा राहत होता. मी गोधडीचा कोपरा उचलला आणि त्यांना आत ढकललं. दुसरं पांघरूण नव्हतंच.

"कोण आहे?" आतून मॅडम.

"कार्यवाह साहेब आहेत. सरकून घ्या."

"सर, टेबलाला हात लावू नका. फोटो चालू आहे."

"मला माश्या चावल्यात!"

"मलाही चावतायत सर. हलू नका."

मी डोक्यावरून पदर घट्ट घेतला आणि दुर्बिणीला टेकून उभी राहिले. मानेवर एक, कानावर एक आणि अंबाड्यात कितीतरी. तेवढ्यात बाहेरून हिरामणची हाक आली. तो ओढ्यावरून धावत आला होता आणि येतानाच वाळल्या गवतात ओला पाला गुंडाळून पेटवून घेऊन आला होता.

"आक्का, धूर सोडतो आत. झडपेतून टाकतो."

"धूर नाही!" गोधडी ओरडली.

"मॅडम, जीव जाईल तुमचा," बाहेरून हिरामण.

"धूर नाही म्हटलं ना!"

मी म्हटलं, "हिरामण, थांब. मी सांगेन तेव्हा टाक." आणि नळीचं झाकण हातात घेतलं. झाकण लावलं की आरसा वाचतो, मग धूर करता येतो. पण झाकण लावलं की धुळीचा फोटो गेला. मी म्हटलं, "मॅडम, लावते."

गोधडीतून साहेबांनी विचारलं, "काय लावताय?"

मॅडमनी त्यांना सांगितलं. अगदी थोडक्यात, पीठ आणि पातेलं न वापरता. पहिला झालाय, दुसरा चालू आहे, दुसऱ्याशिवाय पहिल्याचा उपयोग नाही, उद्या धूमकेतू दिसणार नाही.

"म्हणजे माझ्यामुळे राहिला असं तुम्ही सभेत सांगणार."

"सांगणारच," मॅडम म्हणाल्या.

गोधडी नुसती हलत होती. मग साहेब म्हणाले, "बाई, झाकण लावायचं नाही. काढू दे त्यांना तो फोटो."

हा मोठेपणा होता की हट्ट, हे मी ठरवत बसले नाही. मला त्यांच्या गळ्याची काळजी होती. आमच्या गल्लीत एका माणसाला गांधीलमाशी चावली होती आणि त्याचा गळा आतून सुजला होता. आधी आवाज जातो, मग श्वास. गोधडीत मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, तेव्हा आवाज ऐकणं एवढाच उपाय होता.

"साहेब, बोलत राहा. थांबायचं नाही."

"काय बोलू?"

"आम्हाला बोला. एरवी बोलताच."

ते त्यांना जमलं. वेधशाळा म्हणजे संस्थेच्या पायातला काटा आहे. या टेकडीवर येणारा रस्ता म्हणजे शिक्षा आहे. मॅडम कधीच वेळेवर काही देत नाहीत. मी पाहुण्यांशी नीट बोलत नाही. मधेच "आई गं". पुन्हा सुरू. मधून मधून मॅडम.

"सर, कोपर काढा. स्क्रीन दिसत नाही."

"हा ठिपका? या ठिपक्यासाठी?"

"ठिपका नाही तो. कापसाच्या बोंडासारखा आहे बघा, कडेला विरत गेलाय."

"कड दिसत नाही. माझा डोळा मिटलाय."

"दुसऱ्याने बघा."

"दुसराच सांगतोय तुम्हाला. पहिला केव्हाच मिटला."

बाहेरून हिरामण विचारत होता, "आक्का, टाकू का?" मी म्हणत होते, "थांब." त्याचा पाला विझत आला की तो फुंकर मारायचा, आणि फुंकर मारताना स्वतःच चावून घ्यायचा. दिवस बुडाल्यावर मव्हं निजतं, हे त्याने पुन्हा कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मॅडम धुळीचा फोटो एकदम काढत नसत, तुकड्यातुकड्यांनी काढत आणि नंतर जोडत. एकेक तुकडा झाला की चाकाच्या खालून टकटक आवाज यायचा. मी एका कानाने टकटक ऐकत होते आणि दुसऱ्याने साहेबांना. साहेब संस्थेच्या घटनेवर आले होते. "संस्थेच्या" म्हणताना त्यांची जीभ अडखळली. पुन्हा म्हणाले, पुन्हा अडखळली. हा माणूस तो शब्द झोपेतसुद्धा स्पष्ट म्हणत असणार.

मी झाकण लावलं.

"मावशी! शेवटचा तुकडा चालू होता!"

"गेला तो. हिरामण, टाक."

धूर आत आला. दुपारनंतर मोहरी न तडतडलेल्या त्या जागेत गवत, पाला आणि मेण असा सगळा धूर. माश्या वर चढल्या आणि झडपेतून निघून गेल्या. दारावरचं उरलेलं मोहोळही हिरामणने धुराने हटवलं. आम्ही साहेबांना गोधडीसकट उचलून खाली फाटकाशी आणलं. ड्रायव्हर काचा वर करून आत बसला होता. मॅडमनी काच वाजवली.

"आधी माश्या झाडा," तो आतून म्हणाला.

साहेबांना बोलता येत नव्हतं, म्हणून तो वाचला.

त्र्यंबक रस्त्याच्या एका दवाखान्यात पोचेपर्यंत मी साहेबांना धरून बसले होते. आता ते बोलत नव्हते, नुसता श्वास ओढत होते, शिट्टी वाजल्यासारखा. मॅडम पुढे बसल्या होत्या, मांडीवर लॅपटॉप. त्यांनी तो उघडला नाही, एवढं सांगते. दवाखान्यात साहेबांना लगेच सुई दिली, नाकाला ऑक्सिजन लावला. नर्स काटे काढायला बसली आणि उठेना. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. मी मॅडमकडे बघितलं. मॅडम भिंतीकडे बघत होत्या.

साहेबांचा श्वास बरा झाल्याचं कळल्यावर मॅडमनी बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडला. त्यांचा ओठ एका बाजूला सुजला होता. तुकडे जोडले, वजाबाकी केली, मग पुन्हा केली.

"शेवटचा तुकडा नडला का?" मी विचारलं.

"अंधुक आलंय. पण चालेल." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "मावशी, गॅस जवळजवळ नाहीच. नुसती धूळ उरलीय. फुटला असणार."

मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल, एवढं करून उत्तर मिळालं तर. त्या रडवेल्या झाल्या होत्या. मी म्हटलं, बाहेर चहा मिळतो, आणते.

सभेत साहेब सुजलेल्या चेहऱ्याने गेले. धुळीचा फोटो आपल्या डोळ्यांदेखत निघाला, म्हणून सांगितलं. उघड्या डोळ्यांदेखत की मिटलेल्या, हे कुणी विचारलं नाही. रिसॉर्टचा विषय त्या वेळी मागे पडला. पुढे त्या टेकडीच्या आजूबाजूला इतकी रिसॉर्टं झाली की मावळतीचं आभाळ आता रात्रभर पिवळंच असतं. वेधशाळा अजून आहे, पण खाली वाकून बघण्यासारखं फारसं दिसत नाही.

मला हळहळ वेगळ्याच गोष्टीची आहे. झाकण घाईत नीट बसलं नव्हतं की हिरामणच्या पाल्याचा धूर आधीच आत शिरला होता, कुणास ठाऊक, पण धूर आरशावर बसला तो बसलाच. आरसा काढून, धुऊन, पुन्हा चकाकी चढवायला पाठवावा लागला. तो परत येईपर्यंत एक नवा धूमकेतू आला, चांगला तेजस्वी, गॅस भरपूर, आणि निघूनही गेला. मॅडमनी तो आपल्या घराच्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी बघितला. मी त्या दिवसांत रोज संध्याकाळी फोडणी घातली. कोणी अडवायला नव्हतं. ती खायला मॅडमही नव्हत्या.

तो जुना धूमकेतू सूर्याच्या पलीकडून बाहेर यायला हवा होता त्या दिवशी लोकांनी वाट बघितली. तिथे धुळीचा एक फिकट पट्टा होता, पुढे तोही दिसेनासा झाला. उठलेलं मोहोळ दरीपलीकडच्या झाडावर जाऊन बसलं, असं हिरामण सांगतो. साहेब दवाखान्यातून घरी आले आणि अजून आहेत. मॅडम आहेत, हिरामण आहे, तो ड्रायव्हरही आहे. मीही आहे.